अजून थोडं मागे

मी एक कुऱ्हाड आहे, पण लाकडं फोडणारी नव्हे. बर्फावर चालणाऱ्याच्या हातात असते, ती. दुकानात मला आइस ॲक्स म्हणतात. आयर्लंडमधल्या ट्रली गावात, एका घराच्या दाराशी, कोटांच्या खुंटीवर मी टांगलेली असते. आज बोलायला लागले आहे ते गोड आठवणी सांगायला नाही. मला राग आला आहे. दोन हिवाळे झाले, तो उतरत नाही. ज्यांना हळुवार काही ऐकायचं असेल, त्यांनी शेजारच्या खुंटीवरच्या छत्रीला विचारावं.

आल्प्सच्या पायथ्याशी एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलाद तापवून, ठोकून माझं डोकं घडवलं. त्याच्या एका बाजूला वाकडं, दातेरी टोक आणि दुसऱ्या बाजूला फावड्यासारखं लहानसं पातं. खाली हलक्या धातूचा दांडा, दांड्याच्या तळाशी अणकुची. माणूस घसरला तर मला छातीखाली घेऊन टोक बर्फात रुतवायचं, म्हणजे तो थांबतो. बर्फ कडक असेल तर पात्याने पायऱ्या खोदायच्या. आणि दांडा बर्फात खुपसून बघायचं, की खाली डोंगर आहे की नुसती हवा. हे शेवटचं काम लोक हटकून विसरतात. तुम्ही लक्षात ठेवा.

किलार्नीच्या एका दुकानातून मला पियूषने विकत घेतलं. पियूष मूळचा इस्लामपूरचा. पुण्यात शिकला आणि ट्रलीजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या बारीक जाळ्या तिथे बनायच्या. त्याची बायको मुक्ता इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. मुलगी निधी शाळेत जाते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते, तेही या केरी परगण्याच्या अस्सल हेलात.

मला घरी आणलं त्या दिवशी मुक्ता म्हणाली, "अरे, या देशात बर्फ पडतो किती? चार दिवस."

"त्या चार दिवसांसाठीच आहे ही," पियूष म्हणाला.

त्या वेळी मला तो आवडला. मला विकत घेणारे पुष्कळ असतात. बॅगेला बाहेरून बांधतात, फोटो काढतात. पियूष मला घेऊन स्कॉटलंडला गेला आणि शिकवणाऱ्या माणसाकडून पडायला शिकला. उताणा पडून, पालथा पडून, डोकं खाली करून, अंग निळं पडेस्तोवर तो घसरला आणि मला धरून थांबला. माझ्या टोकाला पहिले ओरखडे तिथे आले.

परत आल्यावर एका रविवारी त्याने निधीला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, अर्धं टेबलावर, अर्धं काठाबाहेर. "वरून बघ. टेबल कुठे संपतं, सांग."

निधीने वाकून पाहिलं. "आय कान्ट टेल."

"आता यावर वाटी ठेव."

वाटी काठाबाहेर ठेवल्याबरोबर कागद दुमडला आणि ती फरशीवर आदळली. आतून मुक्ता ओरडली, "माझी भांडी घेऊन कसले प्रयोग चाललेत?"

"वारा बर्फ उचलून आणतो," पियूष सांगत होता, "आणि कड्याच्या पलीकडच्या बाजूला रचतो. दुधाची साय पातेल्याच्या काठाबाहेर यावी ना, तशी बर्फाची कड बाहेर येते. वरून वाटतं, जमीनच आहे. त्यात ऊन पडलं की ती ढिली होते. कधी तीच सुटते, कधी खालच्या घळीतला सगळा बर्फ घेऊन जाते."

"इन आयर्लंड?"

"इथेच. लोकांना वाटतं, हिमालयातच असतं हे. म्हणूनच तर."

इथल्या हिवाळ्याविषयी मलाही थोडं सांगू द्या. बर्फ चार दिवसच असतो, पण त्या चार दिवसांत त्याचे दहा स्वभाव होतात. समुद्र हाकेच्या अंतरावर. सकाळी काचेसारखं गोठलेलं, दुपारी त्यावर पाऊस, संध्याकाळी पुन्हा गोठलेलं. खाली दरीत मेंढ्या शांत चरत असतात आणि वर वारा माणसाला बसायला लावतो. इथे लोक त्यांना डोंगरसुद्धा म्हणत नाहीत, टेकड्या म्हणतात. घात त्या शब्दातच आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पियूषची आई, स्नेहलताबाई, इस्लामपूरहून आल्या होत्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि उलटीसुलटी करून बघितलं.

"ह्ये काय रं पियूष? कुदळ म्हणावी तर धड कुदळ न्हाई, कोयता म्हणावा तर कोयता न्हाई."

"आई, जीव वाचवायचं हत्यार आहे ते."

"मग पूजंला मांड की. खंडेनवमी हाय उद्या."

आणि माझी पूजा झाली. विळी नव्हती म्हणून स्वयंपाकघरातली सुरी, पियूषचा लॅपटॉप आणि मी. झेंडू मिळाला नाही, तेव्हा सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. हळदीकुंकू लावून झालं आणि लक्षात आलं, नारळ फोडायला घरात काही नाही. स्नेहलताबाईंनी मलाच उचललं. एका घावात नारळाची सरळ दोन भकलं झाली.

"हाय बाई कामाची!" त्या म्हणाल्या. घरभर हसू पसरलं. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी प्रसादाला इथल्या मराठी मंडळाची माणसं आली होती. त्यात गिरीश होता. मूळचा चिंचवडचा, कॉर्कला सॉफ्टवेअरमध्ये. सह्याद्रीतले निम्मे गड पायाखाली घातलेला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. कुणाचं सामान हलवायचं असेल, कुणाला विमानतळावर सोडायचं असेल, तर गिरीशदादा हजर. मला बघून तो म्हणाला, "काय नखरेल पोरगी आहे! शिवजयंतीला हिला घेऊन जाऊ या. आयर्लंडच्या सगळ्यात उंच शिखरावर भगवा!"

"कॅरनटूहिलला? फेब्रुवारीत?" पियूषने विचारलं.

"मग काय झालं? कळसूबाईच्या कमरेएवढा डोंगर आहे. आमच्याकडे शाळेतली पोरं चपला घालून कळसूबाई करतात."

हिशेब असा झाला. उंची कमी म्हणजे डोंगर सोपा. ही चूक आयरिश माणूस करणार नाही. स्विस माणूसही करणार नाही. ही आपलीच चूक आहे, आपण ती घरून डब्यात भरून आणतो. सह्याद्रीत बर्फ नाही. तिथे कड्याचा काठ म्हणजे खडक; दिसतो तिथे असतो. इथे तो दिसतो तिथे नसतो, हे इतक्या गड चढलेल्या माणसाला कुणी सांगायचं?

पियूषने सांगितलं. फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या चार दिवस आधी, फोन टेबलावर ठेवून. मी दाराशी ऐकत होते.

"गिरीशदादा, आठवडाभर बर्फ पडतोय आणि वारा नैर्ऋत्येचा आहे. सगळा बर्फ शिखराच्या पलीकडच्या कड्यावर जमा झालाय. जयंतीला ऊन आहे, एकदम उबारा येणार. आपण दोन-तीन दिवस थांबू. पुन्हा गोठू दे."

"ऊन पडणार, ही वाईट बातमी आहे?" पलीकडे चार-पाच जण हसले.

"वरची कड ढिली होते उन्हाने."

"अरे हवामान खातं, जयंती काय दोन-तीन दिवसांनी असते का?"

"डोंगर कुठे जातोय?"

"डोंगर नाही जात, लोकांच्या सुट्ट्या जातात. टॅलाहून येतायत, कासलबारहून येतायत. त्यांना काय सांगू, पियूषला ऊन लागतं?"

पुन्हा हसू. पियूषही हसला. मग म्हणाला, "बरं. पण मी सांगेन त्या वाटेने जायचं."

माझा पहिला राग गिरीशवर नाही. तो पियूषवर आहे. ज्याला कळत नव्हतं, तो आपल्या गावच्या मोजपट्टीने मोजत होता. याला कळत होतं. चारचौघांत भित्रा ठरू नये म्हणून जाणता माणूस हसून गप्प बसतो, त्याचा मला संताप येतो. फोन ठेवल्यावर मुक्ताने विचारलं, "मग कशाला जातोस?" तर म्हणाला, "मी असलो तर निदान त्यांच्याकडे लक्ष तरी देता येईल."

आणि दिलं त्याने लक्ष. त्या दिवशी आभाळ असं निळं होतं, की सगळे येता येता त्याला चिडवत होते. चढावर बर्फ कडक होता तिथे त्याने माझ्या पात्याने पायऱ्या खोदल्या. कड्याच्या बाजूला कुणी सरकलं की हाक मारली. थोड्या थोड्या अंतरावर माझा दांडा खुपसून बघितला. एकेकाला हात देत सगळी माणसं त्याने शिखरावर आणली. त्यात साक्षी होती, नागपूरची, नुकतीच इथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलेली. आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर चालत होती. "पियूषदादा, तुम्ही नसता तर मी अर्ध्यातूनच परत गेले असते," ती म्हणाली.

शिखरावर एक भला मोठा लोखंडी क्रॉस आहे. सगळे त्याच्याभोवती जमले. घोषणा झाल्या. साक्षीच्या बॅगेतून लाडू निघाले. गिरीशने झेंडा काढला आणि कपाळावर हात मारला.

"काठी गाडीतच राहिली की रे!"

मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या.

"पियूष, दे तुझी ती."

त्याचा हात माझ्याभोवती घट्ट झाला, ते मला कळलं. एक क्षणच. मग त्याने मनगटातला पट्टा सोडवला आणि मला देऊन टाकलं. बुटाच्या नाडीने माझ्या दांड्याला झेंडा बांधला गेला. गिरीशने मला डोक्यावर उंच धरलं.

फोटो पियूषच काढायचा, नेहमी. तो थोडा मागे गेला आणि त्याने फोन धरला.

क्रॉस उंच. माणसं पुष्कळ. झेंडा त्याहून वर.

"क्रॉस कापला जातोय रे!"

"झेंडा आला पाहिजे पूर्ण!"

"पियूष, जरा मागे!"

तो मागे झाला.

"अजून थोडं मागे!"

त्याने मान वळवून पाहिलं. मागे सपाट, पांढरा, उन्हात चमकणारा बर्फ होता. मी त्याच्या हातात असते, तर त्याने दांडा खुपसला असता. तेवढं शिकला होता तो. पण मी वर होते, झेंडा फडकवत.

"अजून थोडं मागे, हवामान खातं!" आणि सगळे खळखळून हसले.

आवाज फारसा झाला नाही. जाड गादीवर कुणी धपकन बसावं, तेवढाच. मग घळीतून एक लांब घरघर खाली खाली जात राहिली. तो उभा होता तिथे आता नुसतं निळं आभाळ होतं.

संध्याकाळपर्यंत बचाव पथकाने त्याला खाली आणलं. ती माणसं इथलीच असतात, आपापली कामं टाकून आलेली. त्यांच्यातल्या एका बाईने पायथ्याशी येऊन थांबलेल्या मुक्ताचे दोन्ही हात धरले. नंतर तीन दिवस घरात रांग होती. शेजारी आले, शाळेतल्या बाई आल्या, हॉस्पिटलातले सगळे आले. इथली रीत आहे ती; हात हातात घेऊन म्हणायचं, "सॉरी फॉर युवर ट्रबल," चहा ठेवायचा, सँडविच ठेवायचे आणि निघायचं. त्या परक्यांपैकी कुणी नशिबाचं नाव काढलं नाही.

ते आपल्या माणसांनी काढलं.

"वेळ आली होती, वहिनी."

"डोंगरावर प्रेम होतं त्याचं. डोंगरातच गेला."

"वाऱ्याने कड तुटली, कोण काय करणार?"

वारा! त्या दिवशी झेंडा फडकावा म्हणून गिरीशला मला हलवावं लागत होतं, इतकी पडलेली हवा होती. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या पोलादाला घाम फुटत होता. इतकी माणसं आली, इतकी रडली, खरंखुरं रडली. पण 'मागे हो' हे दोन शब्द एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. गिरीशने सगळी धावपळ केली. कागदपत्रं, विमान, इस्लामपूरला निरोप. त्यानेच मला मुक्ताच्या हातात दिलं. "वहिनी, ही त्याची." सांगायला तीच वेळ होती. तो सांगू शकला नाही.

मुक्ताने मला खुंटीवर टांगलं. त्यानंतर कित्येक महिने त्या खुंटीवरचा कोटही कुणी काढला नाही.

प्रश्न विचारला तो स्नेहलताबाईंनी, दिवाळीच्या सुमारास, व्हिडिओ कॉलवर. बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "मुक्ता, त्येची ती कुदळ कुठं हुती गं तवा?"

"त्याच्याजवळच असेल ना, आई."

"असंल न्हवं. बघ."

मुक्ताने मला खाली काढून खिडकीच्या उजेडात धरलं. पियूषसोबत मी त्या कड्यावरून खाली गेले असते, तर खडकाने माझी दशा केली असती. माझ्या अंगावर नवीन ओरखडासुद्धा नव्हता. आणि पात्याच्या खाचेत भगव्या कापडाचे दोन धागे अडकले होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं. मग तिने ते धागे न काढता मला परत टांगलं.

जानेवारीत गिरीश आला. सोबत साक्षी होती. ती आत आली ती माझ्याकडे न बघता. मुक्ताने चहा केला.

"वहिनी, मंडळाने ठरवलंय," गिरीश म्हणाला. "या जयंतीला पियूष स्मृती मोहीम. दरवर्षी करायची. निधीच्या हस्ते झेंडा वर लावायचा. आणि त्याचीच ॲक्स न्यायची."

निधी जिन्यात बसली होती. "आय वॉन्ट टू गो, आई."

"तारीख?" मुक्ताने विचारलं.

"जयंतीचीच."

"आणि हवा?"

"ती बघू की त्या वेळी."

मुक्ता उठली. तिने मला खुंटीवरून काढून टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवलं.

"गिरीशदादा, ही तेव्हा कुठे होती?"

"होती की... वरच होती. त्याच्याजवळ."

"दादा, खोटं नको ना," साक्षी म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "आमच्या हातात होती, ताई. झेंडा बांधला होता हिला. ते फोटो काढत होते आणि आम्ही सगळे ओरडत होतो, मागे हो, अजून मागे हो. मीसुद्धा. हसत होतो आम्ही, ताई."

गिरीशने कप खाली ठेवला. जिन्यात निधीने गुडघ्यांवर डोकं टेकलं. मला वाटलं, आता मुक्ता ओरडेल. मला हवं होतं तिने ओरडावं, कप फेकावेत. ती म्हणाली, "चहा घ्या, गार होतोय." आणि थोड्या वेळाने, "जयंतीला आम्ही येतो. दोघीही. सगळ्यांना या म्हणावं."

गिरीशला वाटलं, सुटलो.

मला काही कळेना. निधीला त्या डोंगरावर, त्याच तारखेला? त्या आठवड्यात मायलेकी रोज हवामान बघायच्या. पुन्हा तेच. बर्फ, नैर्ऋत्येचा वारा आणि जयंतीला ऊन. तरी मुक्ताने निधीचे बूट काढून पुसून ठेवले, आणि मी खुंटीवर जळत राहिले. बापाने तेच केलं, आता आईही तेच करणार!

डोंगराच्या पायथ्याशी एका शेताजवळ गाड्या लावायची जागा आहे. गेल्या वेळेपेक्षा जास्त माणसं होती. निम्मी नवीन, पियूषला कधी न पाहिलेली. दरीत पान हलत नव्हतं. वर शिखर साखरेसारखं चमकत होतं. गिरीश पियूषविषयी दोन शब्द बोलला. मग त्याने माझ्यासाठी हात पुढे केला.

मुक्ताने मला दिलं नाही. निधीचा हात तिच्या हातात होता.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. हॉस्पिटलात पेशंटला श्वास रोखायला सांगते, त्याच आवाजात. "वर गेल्यावर फोटो कोण काढणार?"

कुणाला काही समजलं नाही. एक नवीन मुलगा म्हणाला, "मी काढतो ना, काकू."

"छान. पण क्रॉस उंच आहे. झेंडा आला पाहिजे, निधी आली पाहिजे, सगळे मावले पाहिजेत. मागे सरकावं लागेल. सरकशील?"

मुलगा हसला आणि मग इतरांचे चेहरे बघून थांबला.

"आणि मागे हो, असं कोण सांगणार? ते पण आत्ताच ठरवू या. गेल्या वेळी कुणी सांगितलं, तेच मला नीट कळलेलं नाही."

कुठेतरी मेंढी ओरडली. जुनी माणसं आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागली.

"आधी मी म्हणालो," गिरीश म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज गेला होता. "मग सगळे. त्याने चार दिवस आधी सांगितलं होतं, जाऊ नका म्हणून. मी त्याची चेष्टा केली, वहिनी. आजही हवा तीच आहे. मी बघितली होती सकाळी."

"बघितली होती," मुक्ता म्हणाली. "आणि माझ्या मुलीला न्यायला निघाला होतात."

तिने आवाज चढवला नाही. 

साक्षी बॅग काढून खाली बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघं-चौघं. पण टॅलाहून आलेला एक जण पुटपुटला, "म्हणजे एवढं ड्रायव्हिंग करून आलो ते पार्किंग बघायला? कडेला नाही गेलं म्हणजे झालं ना. आता माहीत आहे की आपल्याला."

मुक्ताने निधीकडे पाहिलं. निधीने सगळं ऐकून स्वतः ठरवावं, हेच मुक्ताला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. 'नाही' हे तिला एकटीला म्हणायचं नव्हतं.

"आयम नॉट गोइंग अप," निधी म्हणाली. "नॉट टुडे."

जयंती तिथेच झाली. शेताच्या कुंपणाशी हेझलच्या झाडाची वाळकी काठी मिळाली, तिला झेंडा लावला. लाडू वाटले. फोटो कुणीच काढला नाही.

तिघं मात्र वर गेले. संध्याकाळी उतरले ते हसत, गाल लाल करून. "बघा," टॅलाचा तो माणूस म्हणाला, "काही झालं नाही."

डोंगरात याहून वाईट वाक्य नाही. सैल कडेवरून दहा माणसं चालून येतात आणि दहाही जण समजतात, आपल्याला डोंगर कळतो. अकराव्याला मग तेच सल्ला देतात. मी माणूस असते तर त्याच्या कानाखाली वाजवली असती. मुक्ता एवढंच म्हणाली, "बरं झालं. घरी फोन करून टाका."

आता माझं काय चाललंय ते सांगते. गेल्या दसऱ्याला स्नेहलताबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांनी पाटावर सुरी मांडली, निधीचा लॅपटॉप मांडला आणि माझ्याकडे हात नेला. तो अर्ध्यातच थांबला.

"हिला नगं," त्या स्वतःच म्हणाल्या. "पूजा करूनशान काय उपेग झाला? पोरी, तू धर ही. हात बसू दे."

निधी मला घेऊन घरामागच्या उतारावर जाते. ओल्या गवतात घसरते आणि मला धरून थांबते. सगळे कपडे हिरवे करून घेते आणि मुक्ताला म्हणते, "इट्स ग्रँड, इट्ल वॉश." पडण्यात ती बापापेक्षा चांगली आहे. थंडीत दोघी एकदा डोंगरावर निघाल्या. अर्ध्या वाटेवर निधीने माझा दांडा बर्फात खुपसला, तो नको तितका सहज आत गेला. ती आईकडे वळली. दोघी परत फिरल्या, खाली येऊन गाडीत बसून गरम सूप प्यायल्या. शिखर अजून झालेलं नाही. डोंगर कुठे जातोय?

त्या दिवशी मी खुंटीवर परत आले तेव्हा माझ्या टोकावर बर्फाचा थेंब होता. किती दिवसांनी बरं वाटलं. पण राग गेला, असं समजू नका. पुढचा हिवाळा येतोय. कुठल्या तरी ग्रुपवर तारीख आधी ठरेल आणि हवा नंतर बघितली जाईल. कुणीतरी उंचीचा हिशेब मांडेल आणि कुणीतरी जाणता माणूस हसून गप्प बसेल.

म्हणून सांगते. मला हार घालू नका. मला झेंडा बांधू नका. न्यायचंच असेल तर हातात घ्या आणि तारखेला नाही, डोंगराला विचारून निघा. आणि वर पोचल्यावर सगळे मावत नसतील, तर एकमेकांना चिकटून उभे राहा, चार डोकी कापली जाऊ द्या. फोन धरलेल्या माणसाला 'मागे हो' म्हणण्याआधी, त्याच्या मागे काय आहे ते कुणीतरी जाऊन, दांडा खुपसून, बघून या.